संकलनाच्या टेबलावरून : आजीचं वाक्य कुणी हलवलं?

प्रश्न : ताई, गेल्या उन्हाळ्यात पाणीटंचाईवर माहितीपट करायला काही मंडळी आमच्या गावात आली होती. माझी आजी रोज विहिरीवरून पाणी आणते. तिला त्यांनी भरला हंडा घेऊन तीनदा यायला लावलं. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून ती चालली. परवा माहितीपट पाहिला. कोरड्या विहिरीच्या दृश्यावर आजीचा आवाज येतो, ‘आता काय ऱ्हायलंय, दिस मोजायचं नुसतं.’ हे ती स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलली होती. मी शेजारीच उभा होतो. मग सगळा माहितीपटच खोटा म्हणायचा का?
– एक शिक्षक, आटपाडी

उत्तर : सर, तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्यांचं वजन सारखं नाही.

आधी तीन खेपांचं बोलू. कॅमेरा एकच असतो. हंडा घेऊन येणारी बाई लांबून, जवळून आणि पाठमोरी हवी असेल तर तिला तीनदा चालावं लागतं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर भरला हंडा देऊन हे करवणं निर्दयपणाचं आहे. निदान दोन खेपांना हंडा रिकामा ठेवता आला असता. पण त्या चालण्यात खोटं काही नाही, आजी रोज त्याच वाटेनं पाणी आणतात.

कॅमेऱ्यासाठी घडवून आणणं या कलेच्या जन्मापासून चालत आलं आहे. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, ती कॅमेऱ्यासाठीच लावलेली होती. पैलवान मात्र खरेच होते. रॉबर्ट फ्लाहर्टींनी कॅनडात हडसन उपसागराच्या काठी इन्युइट या तिथल्या मूळ रहिवाशांत राहून ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा माहितीपट केला. तो १९२२ मध्ये लोकांसमोर आला. बर्फाच्या घरात, म्हणजे इग्लूत, चित्रणापुरता उजेड नव्हता. म्हणून एक बाजू उघडी ठेवून मोठा इग्लू बांधला आणि त्या मंडळींनी गारठ्यात निजण्या-उठण्याचा अभिनय केला. हे मला चालतं. इग्लूत माणसं निजत होतीच.

त्याच चित्रपटातलं दुसरं दृश्य मला चालत नाही. नायक नानूक ग्रामोफोनची तबकडी दातांनी चावून बघतो, जणू असलं यंत्र त्यानं आयुष्यात पाहिलेलंच नाही. त्या माणसाचं खरं नाव अल्लाकारिआल्लाक, आणि ग्रामोफोन त्याच्या ओळखीचा होता. त्या भागात शिकारीला बंदुका आल्या होत्या, तरी चित्रणासाठी हातात जुनी हत्यारं दिली. पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती. शंभर वर्षं प्रेक्षक तबकडीच्या दृश्यावर हसत आले, आणि हसता हसता एका अख्ख्या समाजाबद्दलचं मत घरी घेऊन गेले : भोळी माणसं, मागे राहिलेली. इग्लूची उघडी बाजू कुणाबद्दल खोटं बोलत नाही. तबकडी बोलते.

तुमच्या आजींचं वाक्य याच दुसऱ्या जातीचं आहे. शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, विहीरही तुमच्याच गावची. खोटं आहे ते सांध्यात, म्हणजे आवाज आणि चित्र जिथे जोडलं तिथे. आणि सांधा संकलकाच्या हातचा असतो, म्हणून हे मला लागलं.

मी सव्वीस वर्षं संकलन केलं. सुरुवातीची वर्षं स्टीनबेक नावाच्या संकलन-यंत्रावर, फिल्म हातानं कापून, चिकटपट्टीनं जोडून. तेव्हा इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांवरचा एक माहितीपट माझ्याकडे होता. त्यात एक वयस्क कामगार म्हणतो, ‘पोरगं मुंबईला गेलं.’ एवढं बोलून तो थांबतो आणि मग छान हसतो, कारण पोराला नोकरी लागली होती. मी थांबण्यापर्यंतचा तुकडा ठेवला आणि हसण्याआधी कापला. त्यावर बंद पडलेल्या मागाचं दृश्य जोडलं. खेळाला लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, दिग्दर्शकानं पाठ थोपटली. पुढे त्यांच्याच गल्लीत माहितीपट दाखवला, तेव्हा ते गृहस्थ उठून माझ्यापाशी आले. ‘बाई, मी तवा हसलो हुतो की,’ एवढंच म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही. ते हसू फुटभर फिल्मवर होतं आणि ती फिल्म मी डब्यात टाकली होती.

सांधा ओळखायची एक खूण सांगते. माणूस बोलत असतो, मध्येच त्याचा चेहरा जातो आणि हात, चूल, शेळी, आभाळ असलं काहीतरी दिसू लागतं. आवाज चालूच राहतो. दर वेळी त्याखाली लबाडी असते असं नाही. खोकला, अडखळणं, लांबलेलं बोलणं काढायलाही आम्ही हेच करतो. पण वाक्य हलवायचं असेल तर ते तिथेच हलतं. दुसरं असं, की विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा कापलेला असतो. म्हणून एखादं वाक्य काळजात घुसलं, की हे कशाचं उत्तर असेल, असं मनाशी विचारून बघा.

सगळा माहितीपट खोटा म्हणू नका, गावाची टंचाई खरी आहे. पण दिग्दर्शकाला पत्र लिहा. आजींची मुलाखत न कापलेली मागा आणि ते वाक्य काढायला सांगा. आता हे काम संगणकावर होतं, एक वाक्य काढायला अर्धा दिवसही लागत नाही. आणि आजींना माहितीपट दाखवला का, तेही मला कळवा.

प्रश्न : माझा मुलगा वन्यजीवांवरचे माहितीपट तासन्तास बघतो. बर्फात चालणाऱ्या अस्वलाच्या पावलांचा आवाज इतका स्वच्छ कसा येतो?
– एक आई, फोंडा

उत्तर : तो आवाज बहुधा स्टुडिओतला असतो. अस्वल लांबून भिंगानं टिपलेलं असतं, तिथवर माइक पोचत नाही. मग लांब मोज्यात कस्टर्ड पावडर भरून ती दाबतात. आवाज हुबेहूब बर्फासारखा येतो. यानं मुलाच्या ज्ञानात काही बिघडत नाही, उलट घरी करून बघू द्या.

बिघडतं कुठे ते सांगते. डिस्नेच्या १९५८ च्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून थव्यानं पाण्यात उड्या घेताना दिसतात. चित्रण कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात झालं. चित्रणाच्या जागी हे प्राणी मुळात राहतही नव्हते. ते विकत आणले आणि कड्यावरून ढकलले. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं १९८२ मध्ये हे उघड केलं. तोवर चित्रपटाला ऑस्कर मिळून गेलं होतं, आणि लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात हा समज आजही जगभर पक्का आहे.

प्रश्न : दिग्दर्शकानं एक बाजू घेतली की तो प्रचारच, असं माझी मैत्रीण म्हणते. तुम्हाला पटतं?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नाही पटत. दिग्दर्शक एरॉल मॉरिसचा १९८८ चा माहितीपट ‘द थिन ब्लू लाइन’ बघा. अमेरिकेतल्या डॅलस शहरात १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला. रँडल अ‍ॅडम्सला त्यासाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली. अ‍ॅडम्स निर्दोष आहे ही बाजू मॉरिस उघड घेतो. नाट्यरूपांतरही करतो, पण कसं? ज्या साक्षीदारानं जे सांगितलं ते तसंच घडवून दाखवतो. एकाच खुनाच्या निरनिराळ्या हकिकती समोर येतात, एकमेकींशी जुळत नाहीत, आणि कोण कुठे घसरतंय ते आपलं आपल्याला कळू लागतं. चित्रपटानंतर खटला पुन्हा उघडला आणि १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला.

ज्याच्या साक्षीनं अ‍ॅडम्स अडकला त्या डेव्हिड हॅरिसच्या शेवटच्या मुलाखतीला कॅमेरा बिघडला होता. म्हणून पडद्यावर फक्त एक छोटा टेपरेकॉर्डर दिसतो. अ‍ॅडम्स निर्दोष असल्याचं हॅरिस त्यात जवळजवळ कबूलच करतो. मॉरिसनं तिथे स्वतःचे प्रश्न कापलेले नाहीत. मैत्रिणीला शेजारी बसवून तो भाग दोनदा ऐका. एकदा मॉरिस काय विचारतो यासाठी, आणि एकदा हॅरिस कुठे थांबतो यासाठी.