आजीच्या फडताळातली परक्या नावांची भांडी

टोरांटो, 12 एप्रिल 2026

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी मराठी शाळेतून परत येताना तू गाडीत मला दोन प्रश्न विचारलेस. डिसेंबरात आपण वाईला तीन आठवडे राहिलो, तेव्हा तू आजीबरोबर भांडी पुसायला बसत होतीस आणि वाट्या-डब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावे एकेक करून वाचत होतीस. त्यांतली कितीतरी नावे आपल्या घरातल्या कोणाचीच नव्हती. "ती भांडी दुसऱ्यांची आहेत, तर आजी ती परत का देत नाही?" हा तुझा पहिला प्रश्न. थोड्या वेळाने तू विचारलेस, "आजी-आजोबा दोघेच तिथे राहतात, त्यांना एकटे वाटत नाही का?" मी गाडी चालवता चालवता "तशी पद्धत असते" एवढेच म्हणाले. ते उत्तर झाले नाही, हे मला तेव्हाही कळत होते. रात्री विचार करताना लक्षात आले की दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एकाच फडताळात आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे भांडे विकत घेतले की दुकानदार विचारतो, "नाव घालायचे का?" त्याच्याकडे एक लहानसे विजेवर चालणारे यंत्र असते, आणि ते कर्रकर्र आवाज करत स्टीलवर बारीक ठिपक्यांची अक्षरे उमटवते. माझ्या आजीच्या काळात भांडी तांब्या-पितळेची होती आणि तांबट छिन्नीने नाव कोरत असे. नावाबरोबर बहुधा तारीखही असते आणि निमित्तही: कोणाचे लग्न, कोणाची मुंज, कोणाच्या स्मरणार्थ. तू ज्या खोलगट वाटीतून रोज ताक प्यायचीस, तिच्यावर समोरच्या वाड्यातल्या काकूंच्या सासूबाईंचे नाव आहे. त्या सासूबाईंना मी लहानपणी पाहिले आहे. त्या जाऊन आता तीस वर्षे होत आली, पण वाटी अजून दोन घरांत ये-जा करते.

नाव घालायचे ते भांडे हरवू नये म्हणून, हे तर झालेच. पण ज्या घरातली भांडी घराबाहेर जातच नाहीत, त्या घराला नाव घालण्याची गरज काय? भांडे बाहेर जाणार, हे गृहीतच धरलेले असते. आणि बाहेर गेलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, अशी आपली रीत आहे. समोरून वाटीभर खीर आली, तर ती वाटी धुऊन पुसून ठेवायची आणि आपल्याकडे काही वेगळे झाले की त्यात घालून पाठवायची. फारच दिवस गेले आणि काही केलेच गेले नाही, तर निदान चिमूटभर साखर घालून द्यायची. त्यामुळे परक्या नावाचे भांडे फडताळात असणे म्हणजे आजीचा विसराळूपणा नव्हे. तिला प्रत्येक भांडे कोणाचे, त्यातून काय आले होते आणि आता त्यातून काय जायचे आहे, हे तोंडपाठ असते.

आता आजी-आजोबांचे वर्ष कसे जाते ते सांगते. आपला पाडवा यंदा 19 मार्चला झाला, तेव्हा तू गुढीवर उपडा घातलेला आजीचा गडू पाहिलास. त्यानंतर महिनाभर चैत्रगौरीचे हळदीकुंकू चालते. परवा व्हिडिओवर आजी वाटली डाळ कालवत होती, ती परात आपली नव्हती. शंभरभर बायका येणार म्हणून ती शेजारून आणली होती, आणि उद्या त्यांच्याकडे हळदीकुंकू असेल तेव्हा आपले पन्ह्याचे पातेले तिकडे जाईल. मेमध्ये टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला असते. आजोबा रोज संध्याकाळी अर्धा तास आधी जाऊन दोन मित्रांसाठी जागा धरतात आणि रात्री घरी येऊन वक्ता कुठे चुकला यावर जेवण संपेपर्यंत बोलतात. त्याच महिन्यात सकाळी गच्चीवर पापड-कुरडया होतात. पापड एकटीने करायचा पदार्थच नव्हे. आळीतल्या पाच-सहा जणी आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा पोळपाट-लाटणे घेऊन जातात, आणि आपापले लाटणे ओळखू यावे म्हणून आजीने तिच्या लाटण्याच्या मुठीला लाल दोरा बांधला आहे. तू त्या दिवसांत कधी वाईला गेली नाहीस याची मला खंत वाटते. पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून खाल्ल्याशिवाय उन्हाळा झाला असे मला आजही वाटत नाही.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. आजोबा आणि त्यांचे शाळेतले जुने सहकारी दरवर्षी शेंगदाण्याचे लाडू घेऊन तिथे जातात. आजोबांना पंचाहत्तर पूर्ण झाल्यापासून एसटीचा प्रवास मोफत आहे (ही सवलत ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाली) आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे दोघे पूर्वीपेक्षा जास्त हिंडतात. तुला हे किरकोळ वाटेल, पण पुण्याला एखाद्याची विचारपूस करून संध्याकाळी परत येणे त्यांना त्यामुळे सहज जमते.

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढते. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, हे आजोबांनी तुला घाटावर दाखवले होते. 1762 मध्ये ते देऊळ बांधताना पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून ती तशी बांधली. पाणी वाढू लागले की घाटालगतच्या दोन-तीन घरांतली भांडीकुंडी आपल्या माळ्यावर येतात आणि पाणी ओसरल्यावर नावे वाचून वाचून परत जातात. श्रावण, गणपती आणि गौरी यांविषयी वेगळे लिहायला हवे. इथे एवढेच सांगते की त्या दहा दिवसांत आजोबा रोज चार घरी आरतीला जातात, कारण मंत्रपुष्पांजली शेवटपर्यंत न अडखळता म्हणणारे आळीत आता तेच उरले आहेत.

दिवाळीविषयी मात्र थांबून सांगायला हवे. फराळाची ताटे क्रोशाच्या रुमालाखाली झाकून घरोघर जातात, हे तुला माहीत आहे. पण ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले असेल, त्या घरात फराळ करत नाहीत, आणि म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना तो न चुकता पोचवायचा असतो. गेल्या भाद्रपदात आजोबांचे मित्र गेले. चाळीस वर्षे दोघे एकाच शाळेत शिकवत होते आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी घाटावर फिरायला जात होते. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून आजीने पिठले-भात नेला, आणि पुढचे दिवस आळीने वाटून घेतले. दिवाळीत आजीने पहिला फराळ त्यांच्याकडे पाठवला. आपल्या डिसेंबरच्या मुक्कामात ओट्यावर जो उंच डबा होता, ज्यावर तू "1984" वाचलेस, तो त्यांचा आहे. त्या काकूंनी तो संक्रांतीच्या आधी आजीकडे आणून ठेवला होता, आत थोडी साखर घालून. त्यांना त्या वर्षी गोडधोड करायचे नव्हते, पण डबा रिकामा आणणे त्यांच्या हातून झाले नाही.

गेल्या नोव्हेंबरात आजोबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाला आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा असे कळवावे लागते. बाकावर बसलेली सगळी मंडळी एकमेकांना ओळखतात, आणि यंदा कोण आले नाही हे कोणी मोठ्याने बोलत नाही. आजोबा घरी येऊन बराच वेळ झोपाळ्यावर बसून होते, असे आजीने मला सांगितले. तुझा प्रश्न एकटेपणाचा होता, म्हणून हेही लिहिले. त्यांना दुःख होत नाही असे मी तुला सांगणार नाही. त्या संध्याकाळी पाच वाजता, न बोलावता, आळीतले तिघे जण येऊन आजोबांना घाटावर घेऊन गेले.

या सगळ्यात सर्व काही आधीपासून चांगलेच होते, असे समजू नकोस. माझ्या आजीच्या काळात कोणाच्या घरची वाटी घ्यायची आणि कोणाच्या घरची घ्यायची नाही, हे जात पाहून ठरत असे, आणि मला त्याची लाज वाटते. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलावत नसत. तुझ्या आजीने हे दोन्ही मोडले, आणि तेही कोणाशी भांडण न करता. यंदाच्या हळदीकुंकवाला त्या मित्रांच्या पत्नीला बोलवायला ती स्वतः गेली, त्यांना हात धरून घेऊन आली आणि सगळ्यांत आधी त्यांची ओटी भरली. दोन बायकांनी तोंडे वाकडी केली. आजीने त्यांनाही डाळ वाढली.

माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो, आणि तो एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असे वाईत सांगतात. म्हणजे ही कथा 1659 पर्यंत मागे जाते. आपल्या आळीच्या पंगतीत आजोबा पूर्वी वरणाची बादली घेऊन फिरत. आता तरुण मुले त्यांना बादली उचलू देत नाहीत, पण पानावर सर्वांत आधी मीठ वाढतात ते आजोबाच वाढतात, आणि ते आल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. एका वर्षी ते तापाने आजारी होते, तर मुले मिठाचे तबक घरी घेऊन आली, त्यांचा हात लावून घेतला आणि मग वाढायला गेली.

2019 च्या उन्हाळ्यात ते दोघे चार महिने इथे राहिले, तेव्हा तू अगदी लहान होतीस. मी त्यांना कायमचे इथेच राहा म्हणून फार गळ घातली. एके दिवशी आजीने चिरोटे केले आणि शेजारच्या घरी आपल्या नावाच्या ताटलीतून पाठवले. शेजारीण अतिशय चांगली बाई आहे. अर्ध्या तासात तिने ताटली स्वच्छ धुऊन, आभाराची सुंदर चिठ्ठी लावून परत आणून दिली. तिच्या रीतीने तिने जे केले ते योग्यच होते. आजी मात्र ती रिकामी ताटली हातात धरून बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "इतक्या लगेच परत केली?" तेव्हा मला त्याचा अर्थ पुरता कळला नव्हता. ताटली तिकडेच राहिली असती, तर शेजारणीला पुन्हा एकदा आपल्या दारी यावे लागले असते. त्या दिवसानंतर मी त्यांना इथे राहण्याचा आग्रह केला नाही.

यंदा 17 मेपासून 15 जूनपर्यंत अधिक महिना आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून जवळजवळ तीन वर्षांनी एक महिना जादा धरून सणांचा आणि ऋतूंचा मेळ घालतात. मागचा अधिक श्रावण 2023 मध्ये होता. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. म्हणून आजीने तुझ्या बाबांसाठी तांदूळ भिजवायची तयारी आतापासूनच चालवली आहे, आणि आळीतल्या एका काकूंचा मुलगा जूनमध्ये इकडे येणार आहे, त्याच्या सामानात त्या डब्यासाठी जागाही सांगून ठेवली आहे. डब्यावर आजीचे नाव आणि माझ्या लग्नाची तारीख आहे.

आपण जुलैत वाईला जाऊ तेव्हा तो डबा बरोबर न्यायचा आहे. तुला ओव्हनमधली नानकटाई चांगली जमते, पण आजीला चालेल असे दुसरे काही सुचत असेल तर तेही करता येईल. काय भरून न्यायचे ते तू ठरव आणि मला वेळेवर सांग, म्हणजे सामान आणून ठेवता येईल.

तुझी,
आई