गोठ्यातली जंताची गोळी आणि केमो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना गालाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, आता केमो चालू आहे. ‘याने कॅन्सर जातो’ असं व्हॉट्सॲपवर वाचून भावाने गुरांच्या औषधांच्या दुकानातून फेनबेंडॅझोल हे जंतांचं औषध आणलं, सोबत आयव्हरमेक्टिनही. ‘म्हशीला चालतंय, मग माणसाला काय हुतंय?’ असं तो म्हणतो. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. (एक वाचक, कागल)

उत्तर : दोन्ही गोळ्या आजच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करून कळवा, पुढच्या केमोची वाट पाहू नका. रागावतील म्हणून लपवणं हेच यातलं सर्वांत धोक्याचं आहे.

फेनबेंडॅझोल माणसांसाठी मंजूर नाही, त्यामुळे माणसाचा डोसच ठरलेला नाही. म्हशीचा डोस वजनाने भागून तो निघत नाही. व्हॉट्सॲपवरची गोष्ट बहुधा अमेरिकेतल्या जो टिपेन्स यांची असते. फुप्फुसाचा कॅन्सर याच औषधाने गेला, असं ते सांगतात. त्याच काळात ते पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाच्या) चाचणीत होते, हे मात्र फॉरवर्ड होता होता गळून पडतं.

आयव्हरमेक्टिनचा हिशेब तर साधा आहे. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारायला साधारण ५ मायक्रोमोलर (द्रवात औषध किती, ते मोजायचं एकक) तीव्रता वापरतात. माणसाने १२ मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तात जेमतेम ०.०५ मायक्रोमोलर पोचतं, म्हणजे शंभरपट कमी. ती दरी भरायला गोळ्या वाढवत नेल्या, तर गुंगी, तोल जाणं, बरळणं सुरू होतं. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात.

खरा फटका यकृताला बसू शकतो. फुप्फुसाच्या कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या जपानमधल्या ८० वर्षांच्या बाईंनी स्वतःहून फेनबेंडॅझोल घेतलं आणि यकृताला इजा झाली. ते थांबवल्यावर सुधारणा झाली. केमोच्या आधी रक्ततपासणीत एसजीपीटी, बिलिरुबिन हे यकृताचे आकडे वाढलेले दिसले, की डॉक्टर डोस कमी करतात किंवा तारीख पुढे ढकलतात. कारण ठाऊक नसेल, तर दोष केमोवर जातो आणि चालू असलेला उपचार विनाकारण ढिला पडतो.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. कधीपासून, किती, कशासोबत, हे कागदावर लिहून फाइलला लावा. काढा, भस्म काही चालू असेल तर तेही. यकृताची तपासणी नव्याने करायची का, ते विचारा. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मधुमेह नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने कॅन्सर परत येत नाही असं संशोधन आहे म्हणे. चालू करू का? (गडहिंग्लज)

उत्तर : नको. हे संशोधन कुठे घसरलं ते मात्र पाहण्यासारखं आहे. मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही कॅन्सरमध्ये जास्त जगतात, असं जुन्या नोंदींतून दिसत होतं. पण समजा, ‘दोन वर्षं गोळी घेतलेले’ असा एक गट केला. त्या गटात यायलाच रुग्ण दोन वर्षं जिवंत असावा लागतो. आधीच गेलेले सगळे आपोआप ‘न घेणाऱ्यां’त मोजले जातात. गोळीने काहीही केलं नाही, तरी ती जिंकते.

ही चूक टाळायला कोणाला गोळी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ रुग्णांवर अशी चाचणी झाली : मधुमेह नसलेल्यांना ८५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा, पाच वर्षं, बाकीच्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. निकाल २०२२ मध्ये आला. हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या) कॅन्सरमध्ये रोग परतण्यात किंवा जगण्यात फरक पडला नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असणाऱ्यांनी मात्र हे वाचून ते बंद करू नये.

प्रश्न : म्हणजे जुनं औषध कॅन्सरवर कधीच लागू पडत नाही? (इचलकरंजी)

उत्तर : पडतं की! थॅलिडोमाइड मायलोमात (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरमध्ये) वापरलं जातं, आर्सेनिक ट्रायऑक्साइड एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये. मुंबईच्या टाटा मेमोरियलची दोन उदाहरणं तर आपल्या घरची आहेत. स्तनाच्या ऑपरेशनआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती भूल देण्याचं ०.५ टक्के लिग्नोकेन टोचलं, तेव्हा पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. डोक्यामानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये, जिथे बरं करणं हा हेतू उरलेला नव्हता, तिथे ४२२ रुग्णांत आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा २०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक, या गोळ्यांच्या जोडीची सिस्प्लॅटिन या केमोशी तुलना झाली. मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण जेवढा काळ तरी जगले तो) सिस्प्लॅटिनवर ६.१, तर या जोडीवर ७.५ महिने आलं. एवढासा फरक, तोही अशी चाचणी केल्यावरच कळला. कागलच्या वाचकांनी ही गोळ्यांची जोडीही स्वतःहून सुरू करू नये.

प्रश्न : एका ठिकाणी ‘ट्रायल’ म्हणून ४० हजार मागतात. खरं कसं ओळखायचं? (जयसिंगपूर)

उत्तर : सीटीआरआय या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक मागा आणि तिच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. टप्पा कोणता, तुलना कशाशी, मोजणार काय (गाठीचा आकार की आयुष्य) हे तिथे लिहिलेलं असतं. नोंदणी म्हणजे औषध सिद्ध झालं असं नव्हे, फक्त चाचणी उघडपणे चालली आहे. संमतिपत्राची प्रत देत नसतील आणि वर औषधाचे पैसे मागत असतील, तर पैसे देऊ नका. एखादं औषध घेऊन त्रास झालाच असेल, तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो नोंदवता येतो.