अकरावीच्या मुलांशी बोलताना

तुम्ही नव्यानेच समुपदेशनाला लागलाय, म्हणून सांगते. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलेली मुलं पहिल्या चाचणीनंतर एकदम गप्प होतात. दहावीला नव्वद टक्के मिळवलेलं पोर 'मला जमणारच नाही' म्हणतं. लगेच धीर देत बसू नका, आधी वही उघडायला लावा. उदाहरणं अर्धवट दिसतील. फळ्यावरचं इंग्रजी उतरवेपर्यंत सर पुढे गेलेले असतात. अशा वेळी त्या विषयाच्या सरांशी तुम्हीच बोला, मुलं बोलत नाहीत. हॉस्टेलवरच्यांना जेवण-झोप आधी विचारा, मार्क नंतर. घरी फोन शक्यतो त्यांना विचारूनच. मात्र जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणालं, तर क्षणभरही एकटं सोडू नका, घरच्यांना कळवाच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही चालतो, मराठीतही बोलता येतं.