ट्रेकला वॉकी-टॉकी किती अंतरापर्यंत चालतो? घेताना काय बघावं?

सह्याद्रीत खोक्यावरचा किलोमीटरचा आकडा विसरा. वॉकी-टॉकीच्या रेडिओ लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. राजगडाच्या संजीवनी माचीवरून समोर तोरण्यावरच्या माणसाशी बोलणं जमू शकतं, पण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत दोन वळणं पुढे गेलेला गडी ऐकू येईलच असं नाही.

म्हणून चाचणी मैदानात नको. एकाने पायथ्याला थांबावं, दुसऱ्याने आकडे मोजत सोंडेमागे जावं. आवाज तुटला की आधी दोन पावलं उघड्यावर या, अँटेना उभी धरा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. बटण दाबून क्षणभर थांबा आणि मग बोला, नाहीतर ‘थांबू नका’मधलं ‘थांबू’च गायब! एक सेट पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे. मधल्यांना दिले तर नुसती बडबड.

घेताना 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा, अर्ध्या वॅटपर्यंतचा, ईटीए (सरकारची उपकरण-प्रकार) मंजुरी असलेलाच घ्या. त्याला परवाना लागत नाही. ऑनलाइन मिळणारे पाच वॅटचे स्वस्त सेट विनापरवाना वापरणं बेकायदा आहे, विक्रेता काहीही म्हणो.