मोफत ऑनलाइन कोर्स मुलांना द्यायचे आहेत, पण ते पूर्ण कसे होतील?

प्रश्न असा आहे: सांगली जिल्ह्यातलं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय, साधारण सहाशे मुलं, बरीचशी जत-आटपाडी-कवठेमहांकाळकडची. त्यांना करिअर कौशल्यांचे ऑनलाइन कोर्स फुकटात द्यायचे आहेत. कुठले घ्यावेत आणि सुरुवात कशी करावी?

सर, कोर्स मिळवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. स्वयम् (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ), एनपीटेल (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स), आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल, इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड, सिस्को नेटवर्किंग अकॅडमी, आयबीएम स्किल्सबिल्ड या सगळ्यांवर शिकायला पैसे लागत नाहीत. खरं काम वेळापत्रकात आणि नोंदणीसाठी मुलांची जी एक्सेल यादी करावी लागते तिच्यात आहे, आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

आधी यादी. विद्यापीठाच्या नोंदीत आडनाव पहिलं असतं, प्रमाणपत्रावर मात्र मुलाने नोंदणीत जे टाकलं तेच छापून येतं. अर्ध्या मुलांचा ईमेल नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो, पासवर्ड त्यांनाही ठाऊक नसतो. ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर जातो आणि वडील रानात. त्यात 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट कॉन', ईमेलच्या शेवटी राहिलेली एखादी स्पेस, एकाच नंबरवर दोन भावंडं. अशी फाईल अपलोड केली की शंभरातली वीस-पंचवीस नावं सहज मागे पडतात आणि कुठली पडली हे कुणाला कळत नाही. म्हणून गूगल फॉर्म वाटून मोकळे होऊ नका. तीस-तीसच्या तुकड्या लॅबमध्ये बसवा, प्रत्येकाने तिथेच लॉगिन करून दाखवायचं, मगच नावापुढे टिक. कॉलेजचं स्वतःचं डोमेन असेल तर गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती पात्र संस्थांना फुकट मिळते. त्यात मुलांचे आयडी काढले की ईमेलचा गोंधळ बराच मिटतो.

कोर्स थोडेच निवडा. पन्नास कोर्सची यादी नोटीस बोर्डावर लावली की कुणीच काही करत नाही. माझ्या मते वर्षाला एक पुरे. पहिल्या वर्षाला संवाद कौशल्य, दुसऱ्याला स्प्रेडशीट, तिसऱ्याला रिझ्युमे आणि मुलाखत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 'जीवन कौशल' अभ्यासक्रमात करिअर स्किल्सचा भाग आहे, सांगाडा तिथून उचलता येईल. स्प्रेडशीटसाठी स्पोकन ट्युटोरियलचा लिबरऑफिस कॅल्कचा (एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) कोर्स घ्या. त्याचे पाठ साधारण दहा मिनिटांचे, मराठीतही आहेत, आणि साहित्य उतरवून नेटशिवाय चालवता येतं. पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर पाठ आणि अर्ध्यावर कॅल्क उघडून तेच हाताने करत जायचं. नुसतं बघत बसलं तर काही पदरात पडत नाही. कुपवाड-मिरज एमआयडीसीत ऑफिसच्या कामाला घेताना एक्सेल येतं का हे विचारतातच. कॅल्क नीट येणारा मुलगा एक्सेलला चार दिवसांत सरावतो.

इंग्रजी व्हिडिओ असेल तर सबटायटल चालू, वेग ०.७५, आणि आधी दहा मिनिटं शिक्षकाने मराठीत विषय सांगायचा. घरी बघणाऱ्यांना व्हिडिओचा दर्जा ३६०पी ठेवायला सांगा. तासाला साधारण २००-३०० एमबीत भागतं, रोजच्या दीड जीबीत ते बसतं.

वेळ. 'घरी जाऊन करा' म्हटलं की कोर्स तिथेच संपला. आठवड्यात एक तास वेळापत्रकात घाला, आणि तो शेवटचा तास नको. गावची एसटी गाठायची म्हणून मुलं त्या तासाला आधीच स्टँडवर असतात.

एनपीटेलचं गणित वेगळं, ते समजून घ्या. शिकणं फुकट, पण प्रमाणपत्राची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिची फी गेली काही वर्षं कोर्समागे १००० रुपये राहिली आहे. काही प्रवर्गांना सवलत असते, पण चालू सत्राचा आकडा त्या-त्या वेळी बघून घ्या. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. आठ आठवड्यांच्या कोर्सला आठातल्या चांगल्या सहा असाइनमेंट धरतात. दोन बुडाल्या तर निभावतं, तिसरीपासून सरासरी खाली येते. जुलैच्या सत्रात पहिल्या वर्षाची मुलं घेऊ नका. त्यांचे प्रवेश लांबतात, तोवर नोंदणी बंद होते. त्यांना जानेवारीत घ्या. फीची तरतूद माजी विद्यार्थी संघाकडून झाली तर उत्तम, पण असाइनमेंट भरणाऱ्यांचीच फी भरा. केंद्राच्या गावाला जायचं भाडंही हिशेबात धरा.

या कोर्सचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरून हवे असतील तर कोर्स सुरू होण्याआधी मंजुरी घ्या. २०२१च्या यूजीसी नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून घेता येतात, पण तुमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असेल तर निर्णय विद्यापीठाच्या पातळीवर होतो, स्वायत्त असेल तर तुमच्या विद्या परिषदेत. मुलांनी कोर्स करून झाल्यावर फाईल फिरवायला घेतली तर श्रेयांक मिळतीलच असं नाही. एबीसी आयडीसुद्धा (मुलाचे श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) कोर्स सुरू होण्याआधीच काढून ठेवा.

आता फसवाफसवी. व्हिडिओ पुढे सरकवणं आणि क्विझची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं, हे होणारच. त्यामागे धावू नका, शेवटी हातातलं काम मागा: स्प्रेडशीटला दोनशे ओळींचा हिशेब देऊन त्यातून सारांश तक्ता, तिसऱ्या वर्षाला एका पानाचा रिझ्युमे आणि दोन मिनिटांची ओळख. 'मायसेल्फ अमुक-तमुक' म्हणून सुरू होणारी आणि वडिलांच्या नोकरीवर संपणारी ओळख ऐकली की कोर्स डोळ्यांखालून गेला की डोक्यात, हे लगेच कळतं. याला अंतर्गत दहा गुण ठेवा. बाकी समजवायची गरज पडत नाही.

'फुकट' म्हणून कॉलेजात येणाऱ्या एजन्सींच्या बाबतीत करार वाचल्याशिवाय सही नको. प्रमाणपत्राची फी मागाहून निघते का, मुलांचे मोबाईल नंबर कुणाकडे जातात, किती मुलांना लॉगिन मिळणार (जागा किती) आणि मुदत कधी संपते, हे लेखी घ्या. सात दिवसांची चाचणी म्हणून कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागणारी साइट मुलांना देऊच नका. कोर्सेरा या सशुल्क कोर्सच्या साइटकडे आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक कोर्सला वेगळा, आणि उत्तर यायला पंधरवडा धरून चाला.

संस्थेच्या परवान्यावर घेतलेल्या जागांची मुदत संपली की लॉगिन बंद होतं, आणि कॉलेजचा ईमेलही तिसऱ्या वर्षानंतर आपणच काढून टाकतो. प्रमाणपत्राची पीडीएफ ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवून घ्या, आणि तो ईमेल उघडतो का, तेही समोर बसवून बघा.