वाचकांचे प्रश्न : पहिला कॅमकॉर्डर आणि रेकॉर्डिंगचे फॉरमॅट

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दशावतारी नाटकांचं चित्रीकरण करून ठेवायचं आहे. प्रयोग पाच-सहा तास चालतो. कोणी म्हणतं मोबाइल पुरे, दुकानदार म्हणतो फोरकेच घ्या. कॅमेऱ्यात एव्हीसीएचडी, एक्सएव्हीसी एस, एमपी४ असे पर्याय दिसतात. काय घ्यावं, कशात रेकॉर्ड करावं? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : तुमच्या कामाला कॅमकॉर्डरच हवा. फोटोसाठीचे अनेक कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. युरोपात अर्धा तास आणि त्याहून जास्त सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर वेगळं सीमाशुल्क लागायचं, तेव्हापासूनची ही मर्यादा. नव्या मॉडेलांत ती नसली तरी तासाभरात कॅमेरा तापून बंद पडू शकतो. मोबाइलचंही तेच, शिवाय मागच्या रांगेतून पात्राचा चेहरा जवळ घ्यायला त्याचा झूम अपुरा पडतो. झूम पाहताना फक्त ‘ऑप्टिकल’ आकडा पाहा. २० पट असेल तर उत्तम. खोक्यावरचा २०० किंवा ३०० पट हा डिजिटल झूम म्हणजे नुसतं चित्र ताणणं. माइकसाठी ३.५ मिमीचं सॉकेट आणि हेडफोनचं वेगळं सॉकेट, ही दोन्ही नसतील तर तो कॅमेरा घेऊ नका.

आता फॉरमॅट, म्हणजे चित्र-आवाज फाइलीत साठवायची पद्धत. एक हिशेब पाठ करून ठेवा : मेगाबिटचा आकडा (कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती लिहितो तो) गुणिले ०.४५ म्हणजे तासाला लागणारे जीबी. एक्सएव्हीसी एस फोरके (फुल एचडीच्या चौपट बिंदूंचं चित्र) १०० मेगाबिटवर तासाला ४५ जीबी खातं, म्हणजे सहा तासांना २७०. तेच फुल एचडीत ५० मेगाबिटला १३५ जीबी. एव्हीसीएचडी ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम, म्हणजे चित्रं) २८ मेगाबिटवर चालतं, त्याला साधारण ७६ जीबी लागतात. १२८ जीबीच्या एका कार्डात अख्खा प्रयोग मावतो, मध्येच कार्ड बदलायची धावपळ नको.

तुम्ही एव्हीसीएचडी ५०पी वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जागेपेक्षा मोठं कारण वीज. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते, आणि एक्सएव्हीसी एससुद्धा एमपी४च्याच वेष्टनात असतं. मध्येच वीज गेली की तासभराची फाइल कार्डावर दिसते, पण उघडत नाही. एव्हीसीएचडीचा प्रवाह छोट्या छोट्या पाकिटांत लिहिला जातो. तो तुटला तरी तिथवरचा भाग बहुतेक वेळा वाचतो. दुसरं कारण युद्धनृत्याचं. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये फोरके बहुतेक २५पीच मिळतं आणि वेगाच्या गिरक्या त्यात अडखळत दिसतात. सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम असल्या की तलवारीचा हात नीट दिसतो. ‘५०आय’ (यात एका वेळी चित्राच्या एकाआड एक ओळीच टिपल्या जातात) मात्र निवडू नका. संगणकावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात.

कॅमेरा अडॅप्टरवर चालवा, पण बॅटरीही आत असू द्या. वीज गेली तर तुमचं मॉडेल बॅटरीवर जातं की बंद पडतं, हे घरी रेकॉर्डिंग चालू असताना पिन काढून आधीच तपासा.

मागे गडद पडदा आणि पुढे रंगवलेला चेहरा असला की ऑटो एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला उजेड, चेहरा जाळून टाकतं. मेनूत झेब्रा (अति उजळ भागावर रेघा दाखवणारी सोय) १०० वर ठेवा. कपाळावर तिरप्या रेघा दिसल्या की त्या जाईपर्यंत एक्स्पोजर हाताने कमी करा. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची रंगांची जुळणी) एकदा ठरवून कुलूपबंद करा, नाहीतर रंगीत दिवा लागला की सगळ्या रंगभूमीचा रंग सरकतो. आवाजही ऑटोवर नको. मृदंगाची थाप पडली की ऑटो पातळी एकदम खाली येते आणि पुढची दोन वाक्यं दबून जातात. मृदंग-झांजेच्या सर्वांत मोठ्या ठेक्याला आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा आणि प्रयोगभर हेडफोन काढू नका. प्रेक्षक चित्रातला दोष चालवून घेतात, पण संवाद ऐकू आले नाहीत की बघणं सोडतात.

प्रश्न : एव्हीसीएचडी कार्डातल्या .एमटीएस फाइल लॅपटॉपवर घेतल्या. दर सोळा-सतरा मिनिटांनी, दोन फाइलींच्या जोडावर आवाज क्षणभर तुटतो. कॅमेरा खराब आहे का? (पुणे)

उत्तर : नाही. बरेच कॅमेरे दर २ जीबीला नवी फाइल सुरू करतात; तुमच्या मिनिटांवरून तुम्ही १७ मेगाबिटला रेकॉर्ड करत आहात. या फाइली म्हणजे एकाच क्लिपचे तुकडे, आणि ते कसे जुळवायचे याची नोंद शेजारच्या फोल्डरांत असते. फक्त ‘स्ट्रीम’ फोल्डर उचललं की ती नोंद मागे राहते. कार्डावरचं ‘प्रायव्हेट’ हे सबंध फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, आतलं एकही नाव बदलू नका. मग कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरने किंवा एव्हीसीएचडीची ही रचना ओळखणाऱ्या एडिटरने क्लिप आयात करा. तुकडे एकसंध येतील. कॉपी तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून कॅमकॉर्डर आणतो आहे. इथे चालेल ना? (नाशिक)

उत्तर : चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असेल तर चार्जिंगची अडचण नाही. अडचण फ्रेमची आहे. तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. तिकडच्या मॉडेलमध्ये पुष्कळदा ६०चेच पर्याय असतात, आणि इथल्या ट्यूबलाइट व स्वस्त एलईडीखाली चित्र लपलपतं. भावाला दुकानातच मेनू उघडून ५० हर्ट्झ किंवा पाल (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) हा पर्याय आहे का, ते पाहायला सांगा. नसेल आणि तरी आणलाच, तर शटर १/१०० सेकंदावर बांधून टाका. आपले दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात, त्यामुळे लपलपणं थांबतं. पण इथल्या २५ फ्रेमच्या चित्रणात त्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मिसळला की हालचाल धक्के खाते. तेव्हा शटरची सोय हाताने करता येत नसेल तर आणू नका.

प्रश्न : काकांचा मिनीडीव्ही कॅमेरा फुकट मिळतो आहे. सुरुवात त्यावर करू का? (चिपळूण)

उत्तर : फोकस-एक्स्पोजर शिकायला चालेल, कामाला नाही. कॅसेट तासाभराची, चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं, आणि एक तास संगणकात घ्यायला एक तासच लागतो, तोही फायरवायर या जुन्या केबलने. त्यातली यूएसबी बहुतेक मॉडेलांत फोटोंपुरती किंवा हलक्या प्रतीच्या व्हिडिओपुरती असते. पण कॅमेरा जरूर घ्या, कारण घरातल्या जुन्या कॅसेटी वाजवायला तोच लागेल. संगणकात फायरवायरचं कार्ड बसवा. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागेल. तुमच्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. ती बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीतही चौकोन-चौकोन दिसू लागतात. आधी स्वच्छ कॅसेटी उतरवून घ्या, ठिपकेवाल्या वेगळ्या डब्यात ठेवून टेप साफ करणाऱ्याकडे द्या.