ऑफिसात पाच-सहा जण एकच गुगल शीट वापरतो. कोणतं नवीन फीचर खरंच उपयोगी आहे?

फीचरचं नंतर बघू. आधी सांगा, त्या पाच-सहा जणांचे लॉगिन वेगवेगळे आहेत, की सगळ्या कॉम्प्युटरवर ऑफिसचा एकच जीमेल उघडा असतो? एकच असेल तर नवीन काही शोधत बसू नका, आधी ते बंद करा.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात ऑर्डर आणि डिस्पॅच बघते. आमची ऑर्डर शीट साधीच: पार्टी, साईज, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), रंग, नग. मागे ३० बाय ६० इंची, ४५० जीएसएमची २००० नगांची ऑर्डर होती. माल तयार झाल्यावर काट्यावर एक टॉवेल ठेवला, तर वजन सव्वासहाशे ग्रॅम. यायला हवं होतं सव्वापाचशेच्या आत. शीट उघडली तर ४५० चं ५४० झालेलं. नगामागे शंभर ग्रॅमच्या वर, म्हणजे एकूण दोनशे किलोहून जास्त सूत फुकट गेलं. पार्टी पैसे देणार ४५० च्याच हिशोबाने.

शेठ म्हणाले, "एन्ट्री तुझी, चूक तुझी."

मी त्यांच्यासमोर त्या सेलवर राईट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' उघडली. सकाळी अकराला ४५०. संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी ५४०. नाव दोन्हीकडे ऑफिसचंच! मी साडेसहाला सुटते, त्या वेळेला 'सात रस्ता' चौकात भाजी घेत होते. शेठ म्हणाले, "मोबाईलवरून केलं असशील." यावर काय बोलणार? माझ्या मोबाईलवरही तोच जीमेल होता.

दोन वर्षं मी वेगळे लॉगिन मागत होते. आमचे अकाउंटवाले अण्णा दर वेळी म्हणायचे, "घरच्यासारखी माणसं आपण, पाच आयडी कशाला? पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?" अण्णा, विश्वासाचा प्रश्नच नव्हता. ज्याने आकडा बदलला त्याच्याशी मी भांडलेही नसते. माझ्यावरचा आळ गेला असता, एवढंच.

आता प्रत्येकाचा आयडी वेगळा. शेअरिंग 'रिस्ट्रिक्टेड'वर, म्हणजे ज्यांना ॲक्सेस दिलाय त्यांनाच शीट उघडते. लिंक असलेल्या कुणालाही एडिट दिलं, तर हिस्टरीत 'ॲनॉनिमस' दिसतं, मग पुन्हा तेच. जीएसएम आणि नगांचे कॉलम 'प्रोटेक्ट' केलेत, बदल मी किंवा शेठच करणार. बाकीच्यांनी कमेंट टाकायची, @ लावून माझं नाव, म्हणजे मला मेल येतो. नोकरी सोडणाऱ्याचा ॲक्सेस त्याच दिवशी काढतो. पूर्वी एक जण गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलायला लागायचा, म्हणून कुणी बदलतच नव्हतं.

नवीनच हवं असेल तर २०२४ मध्ये आलेलं 'कन्व्हर्ट टू टेबल' घ्या. कॉलमला प्रकार ठरवून देता येतो, रंगाला ड्रॉपडाऊन लागतो, 'नेव्ही' आणि 'नेवी' असे दोन रंग होत नाहीत.

एक राहिलंच. सेलच्या हिस्टरीत डिलीट केलेली ओळ दिसत नाही. त्यासाठी फाईल मेनूतली 'व्हर्जन हिस्टरी' बघा, आणि ऑर्डर पक्की झाली की त्या व्हर्जनला नाव देऊन ठेवा.

आणि जुना कॉमन जीमेल प्रत्येकाच्या मोबाईलवरून काढायला लावा. आमच्याकडे अजून दोघांच्या मोबाईलवर आहे. त्यातले एक अण्णा.